अनिश्चितता की क्रमसापेक्षता?

१

विज्ञानातील एखादी संज्ञा आपल्या शास्त्राची वेस ओलांडून साहित्यविचारात येते तेव्हा तिची प्रतिष्ठा तिच्याबरोबर येते. तिच्या अटी मात्र बहुधा मागेच राहतात. 'उत्क्रांती', 'सापेक्षता', 'एन्ट्रॉपी' या संज्ञांच्या बाबतीत हे घडले आहे. परंतु हायझेनबर्ग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनिश्चिततेच्या तत्त्वाच्या वाट्याला हे भाग्य जितके आले तितके अन्य कोणाच्या वाट्याला क्वचितच आले असेल. कवितेला एकच एक अर्थ नसतो. समीक्षकाची दृष्टी कृतीला अस्पर्श ठेवून तिच्याकडे पाहू शकत नाही. भाषांतरात रूप राखावे तर आशय निसटतो आणि आशय धरावा तर रूप निसटते. एकमेकांहून पुष्कळच भिन्न असलेल्या अशा विधानांना आधार म्हणून हे एकच तत्त्व पुढे केले जाते. विज्ञानानेच आता निश्चितीचा आग्रह सोडला आहे, तेव्हा साहित्यविचाराने तो का धरावा, असा युक्तिवाद मराठीत होतो, तसाच अन्य भारतीय भाषांतही होतो.

प्रस्तुत लेखात मला दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. पहिली ही, की पुंजयामिकीने निश्चितीचा आग्रह सोडला आहे हे म्हणणे मुळातच बरोबर नाही; अनिश्चितता-संबंध हे आधुनिक भौतिकीतील अत्यंत काटेकोर विधानांपैकी एक आहे. दुसरी ही, की आपल्या या गैरसमजाचा काही दोष 'अनिश्चितता' या शब्दाकडे जातो, आणि त्याहून अधिक नेमका शब्द मराठीने आपल्या शाळकरी गणितात केव्हाच घडवून ठेवलेला आहे. हा प्रश्न केवळ भौतिकीच्या अध्यापकांचा नाही. भारतीय भाषांतील ज्ञानव्यवहाराची चिंता वाहणाऱ्या आपल्यासारख्यांचाही तो आहे, आणि म्हैसूरसारख्या ठिकाणी तर तो टाळता येण्याजोगा नाही.

२

प्रथम शब्दाचा इतिहास पाहू. हायझेनबर्ग यांचा मूळ निबंध १९२७ साली 'त्साइटश्रिफ्ट फ्युर फिजिक' या जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात 'अनिश्चितता' या अर्थाचा कोणताही शब्द नाही. शीर्षकातील महत्त्वाचा शब्द आहे 'आनशाउलिख'. जे डोळ्यांपुढे उभे करता येते, ज्याचे आकलन प्रत्यक्षासारखे होते, ते 'आनशाउलिख'. या शब्दाला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द नाही, आणि म्हणून त्या शीर्षकाचे इंग्रजी भाषांतर वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळे केले आहे. आपल्या भाषांत 'प्रत्यक्षकल्प' असे काही तरी म्हणता येईल. म्हणजे निबंधाचा मूळ हेतू काही तरी कळेनासे झाले आहे हे जाहीर करण्याचा नव्हता. नव्या सिद्धांतातील राशींना प्रत्यक्षकल्प आशय कोणता, हे सांगण्याचा तो होता.

निबंधाच्या मुख्य भागात हायझेनबर्ग प्रामुख्याने 'उन्गेनाउइश्काइट' हा शब्द वापरतात. त्याचा अर्थ अचूकतेचा अभाव. बोर यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर जोडलेल्या अखेरच्या टिपणात 'उन्झिखरहाइट' हा शब्द येतो. त्यात ज्ञात्याच्या मनाची साशंकता सूचित होते. पुढील काळात त्यांनी पसंत केला तो तिसराच शब्द, 'उन्बेश्टिम्टहाइट', म्हणजे निर्धारितपणाचा अभाव. पहिला शब्द मापनाविषयी बोलतो, दुसरा ज्ञात्याविषयी आणि तिसरा वस्तूविषयी. मापन, ज्ञाता आणि वस्तू यांपैकी मर्यादा नेमकी कोठे आहे हा पुंजयामिकीच्या तत्त्वज्ञानातील मध्यवर्ती वाद; आणि तो या तीन जर्मन शब्दांच्या निवडीतच दडलेला आहे. १९२९ च्या वसंतात शिकागो येथे दिलेली हायझेनबर्ग यांची व्याख्याने १९३० साली इंग्रजीत ग्रंथरूपाने आली तेव्हा तेथे इंग्रजीचा एकच शब्द स्थिरावला, आणि तो ज्ञात्याच्या साशंकतेचा होता. आपण भारतीय भाषांनी आपली संज्ञा जर्मनवरून केली नाही, इंग्रजीवरून केली. मराठी, हिंदी आणि कन्नड या तिन्ही भाषांत 'अनिश्चितता' रूढ झाली ती या मार्गाने.

मराठीत 'निश्चय' हा मनाचा धर्म आहे. निश्चय माणसाचा होतो, दगडाचा होत नाही. 'अनिश्चित' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पावसाचे येणे, गाडीची वेळ, निवडणुकीचा निकाल अशी चित्रे उभी राहतात. म्हणजे वस्तुस्थिती ठरलेली आहे किंवा यथावकाश ठरणार आहे, आपल्याला तेवढी ती ठाऊक नाही. अनिश्चितता-संबंधाचा आशय याहून वेगळा आहे, हे हा शब्द ऐकणाऱ्याला कळण्यास वावच राहत नाही.

३

मग हा आशय कोणता? गणिताची चिन्हे न वापरताही तो बऱ्याच अंशी सांगता येतो. श्टेर्न आणि गेर्लाख या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९२२ साली केलेला प्रयोग येथे उपयोगी पडेल. चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला तर तो दोनच शाखांत विभागतो. क्षेत्राची दिशा उभी असेल तर प्रत्येक अणू एक तर वर वळतो, नाही तर खाली. मधली वाट नाही. हा अणूला विचारलेला एक प्रश्न आहे असे समजू: 'वर की खाली?' ज्यांनी 'वर' असे उत्तर दिले तेवढेच अणू घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला तर सारेच्या सारे पुन्हा 'वर' म्हणतात. येथवर सर्व काही निश्चित आहे. आता या 'वर'वाल्या अणूंना क्षेत्र आडवे करून दुसरा प्रश्न विचारू: 'डावा की उजवा?' निम्मे डावीकडे जातात, निम्मे उजवीकडे. त्यांतील 'उजवे' वेचून त्यांना पुन्हा पहिला प्रश्न विचारला तर आता निम्मेच 'वर' म्हणतात, निम्मे 'खाली'. मधल्या प्रश्नाने पहिल्या उत्तराची ग्वाही पुसून टाकली.

क्रियांचा क्रम बदलला की फळ बदलते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. फोडणीत मोहरी तडतडल्यावर हळद घालावयाची असते. आधी हळद घालून मोहरीची वाट पाहिली तर हळद करपते. याचे आपल्याला नवल वाटत नाही, कारण क्रिया वस्तूला बदलते. प्रश्नांची गोष्ट वेगळी. माझी उंची आधी मोजली आणि वजन नंतर मोजले, किंवा उलट केले, तरी दोन्ही आकडे तेच यावेत अशी आपली अपेक्षा असते. कारण प्रश्न केवळ असलेले प्रकट करतो असे आपण धरून चाललो आहोत. अणूच्या बाबतीत काही प्रश्नांच्या जोड्या अशा निघतात, की त्यांचा क्रम निरुपद्रवी राहत नाही. यालाच निरीक्ष्यांची असहभाविता म्हणतात. येथे 'निरीक्ष्य' म्हणजे मापनाने ज्याचे उत्तर मिळते ती राशी.

आता मराठी शाळांतील गणिताची पुस्तके आठवावीत. तीन अधिक पाच आणि पाच अधिक तीन यांचे उत्तर एकच, या गुणधर्माला तेथे 'क्रमनिरपेक्षता' म्हणतात. हिंदीने त्याच कल्पनेसाठी 'क्रमविनिमेय' हा शब्द घेतला. त्यात अदलाबदलीची क्रिया पुढे येते. मराठी शब्दात क्रमाची अपेक्षा नसणे हा नेमका आशय उमटतो. पुंजयामिकीत निरीक्ष्यांचे प्रतिनिधित्व ज्या गणिती वस्तू करतात त्यांचा गुणाकार सर्वत्र क्रमनिरपेक्ष नसतो. स्थान गुणिले संवेग आणि संवेग गुणिले स्थान यांत फरक पडतो, आणि तो फरक प्लांकच्या स्थिरांकाने ठरविलेला असतो. अनिश्चितता-संबंधाचे सारे बळ या एका गोष्टीत आहे. केनर्ड यांनी १९२७ साली स्थान व संवेग यांच्यासाठी संबंधाची काटेकोर सिद्धता दिली. रॉबर्टसन यांनी १९२९ साली तो कोणत्याही दोन निरीक्ष्यांसाठी सिद्ध केला: दोहोंच्या प्रमाण विचलनांचा गुणाकार, त्या क्रमभेदाच्या सरासरी मूल्याच्या निम्म्याहून कमी होऊ शकत नाही. पुढल्याच वर्षी श्रोडिंगर यांनी त्यात आणखी एक पद जोडून तो अधिक धारदार केला.

येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. एक, रॉबर्टसन यांच्या विधानात निरीक्षकाने वस्तूला धक्का दिल्याचा उल्लेखच नाही. एकाच पद्धतीने सिद्ध केलेल्या असंख्य अणूंपैकी काहींना एक प्रश्न विचारावा, उरलेल्यांना दुसरा. कोणत्याही अणूला दोन्ही प्रश्न विचारू नयेत. तरीही उत्तरांचा पसारा त्या मर्यादेखाली जाणार नाही. मापनाने होणाऱ्या व्यत्ययाचा प्रश्न निराळा आहे. ओझावा यांनी २००३ साली दाखविले की मापनातील त्रुटी आणि व्यत्यय यांच्या गुणाकाराला ही मर्यादा जशीच्या तशी लागू होत नाही. तर बुश, लाह्टी आणि वेर्नर यांनी २०१३ साली त्रुटी व व्यत्यय यांची निराळी व्याख्या स्वीकारून हायझेनबर्ग यांच्या धर्तीचा संबंध सिद्ध केला. 'पाहणारा पाहिलेल्याला बदलतो' हे आपल्या समीक्षेचे आवडते वाक्य म्हणून या संबंधाच्या गळ्यात बांधता येत नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. एक ग्रॅम वजनाच्या कणाचे स्थान मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत निश्चित केले, तर या तत्त्वाने त्याच्या वेगावर लादलेली किमान संदिग्धता इतकी सूक्ष्म आहे, की विश्वाच्या सुमारे १३८० कोटी वर्षांच्या आयुष्यातही तिच्यामुळे पडणारे अंतर मिलिमीटरचा चाळीस हजारावा भागदेखील भरणार नाही. साहित्यकृती, समाज, इतिहास यांच्यातील संदिग्धता या तत्त्वातून उगम पावते असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

४

रॉबर्टसन यांच्या सूत्रालाही उणीव होती. त्याची उजवी बाजू वस्तूच्या अवस्थेवर अवलंबून असते आणि काही अवस्थांत ती शून्य होते. मग सूत्र खरे असूनही काहीच सांगत नाही. हा आक्षेप घेऊन डॉइच यांनी १९८३ साली विचलनाऐवजी माहितीच्या मापाने, म्हणजे एन्ट्रॉपीने, संबंध मांडला. मासेन आणि उफिंक यांनी १९८८ साली त्याला अधिक बळकट रूप दिले. आपल्या उभ्या-आडव्या प्रश्नांना ते लावले तर निष्कर्ष सुबोध आहे: दोन्ही प्रश्नांविषयीच्या अज्ञानाची बेरीज, 'हो की नाही' अशा एका पूर्णपणे खुल्या प्रश्नाइतकी तरी राहतेच.

या प्रकरणात दक्षिण भारताचा एक महत्त्वाचा वाटा आहे. एम. डी. श्रीनिवास यांनी १९८५ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या 'प्रमाण' या नियतकालिकात, एकाच वस्तूवर एकापाठोपाठ केलेल्या मापनांसाठी एन्ट्रॉपीच्या भाषेत अनिश्चितता-संबंध मांडला, आणि २००३ साली त्याच विषयाकडे ते पुन्हा वळले. वेगवेगळ्या वस्तूंना वेगवेगळे प्रश्न विचारणे आणि एकाच वस्तूला क्रमाने दोन प्रश्न विचारणे या दोन परिस्थिती एक नव्हेत, हा त्यातील कळीचा मुद्दा. आपले साधे उदाहरण घेऊन तो पाहता येतो. अणू 'उजवा' आहे हे ठाऊक आहे असे समजू. आधी आडवा प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेले, अज्ञान शून्य, नंतर उभा प्रश्न विचारला तर अज्ञान एक मात्रा, बेरीज एक. आता क्रम उलटा करू. आधी उभा प्रश्न: अज्ञान एक मात्रा. त्याने 'उजवा'पणाची ग्वाही पुसली, म्हणून नंतरच्या आडव्या प्रश्नातही अज्ञान एक मात्रा. बेरीज दोन. अणू तोच, प्रश्न तेच. केवळ क्रम बदलला आणि अज्ञानाची बेरीज दुप्पट झाली. ज्या संकल्पनेचे इतके उघड लक्षण क्रम हे आहे तिला आपण आपल्या भाषेत केवळ 'अनिश्चितता' म्हणत राहावे काय?

श्रीनिवास यांचे नाव आणखी एका कारणाने भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्येष्ठदेवाच्या 'युक्तिभाषा' या मलयाळम गणितग्रंथाची के. व्ही. सरमा यांची आवृत्ती व भाषांतर २००८ साली विवेचक टिपांसह प्रसिद्ध झाले. त्या टिपा लिहिणाऱ्यांत ते होते. उच्च गणित देशी भाषेत मांडता येते काय, या प्रश्नाचे उत्तर सोळाव्या शतकाच्या सुमारास केरळात दिले गेलेले आहे.

५

भारतीय परंपरेचा उल्लेख निघाला की या विषयात एक ठराविक वळण येते: हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते. हायझेनबर्ग १९२९ साली भारतात आले होते आणि कलकत्त्यास त्यांची रवींद्रनाथांशी भेट झाली होती, याचा दाखला त्यासाठी देतात. परंतु निबंध १९२७ चा आहे. दोन वर्षांनंतरच्या भेटीतून तो उगवू शकत नाही. अधिक गंभीर तुलना स्याद्वादाशी केली गेली. महालनोबीस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाची चर्चा करताना सप्तभंगीकडे लक्ष वेधले. हाल्डेन यांनी १९५७ साली 'संख्या' या नियतकालिकात त्याच विषयावर लिहिले. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांनी बोर यांच्या पूरकतेच्या तत्त्वाची स्याद्वादाशी तुलना केली. हेच कोठारी १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे पहिले अध्यक्ष होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

ही तुलना म्हैसूरला दूरची नाही. येथून शंभर किलोमीटरच्या आत श्रवणबेळगोळ आहे, जेथे गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे. जैन न्यायाचे मोठे आचार्य याच दक्षिणेत होऊन गेले. सप्तभंगीतील एक बारकावा आपल्या विषयाला इतका जवळचा आहे, की तुलना करणाऱ्यांनी त्याला अधिक महत्त्व द्यावयास हवे होते. 'आहे' आणि 'नाही' ही दोन विधाने क्रमाने केली तर तिसरा भंग मिळतो: आहे आणि नाही. तीच दोन एकाच वेळी, युगपत्, करू गेले तर निराळा भंग मिळतो: अवक्तव्य. समंतभद्रांच्या 'आप्तमीमांसे'त आणि तिच्यावरील अकलंक व विद्यानंद यांच्या टीकांत हा क्रम आणि युगपत् यांचा भेद स्पष्ट आहे. क्रमाने विचारता येते, एकत्र विचारता येत नाही, एवढे साम्य खरोखर आहे आणि ते वरवरचे नाही.

तथापि साम्य कोठे संपते हेही त्याच ग्रंथांवरून सांगता येते. जैनांच्या मते वस्तू अनंतधर्मात्मक आहे. सारे धर्म तिच्यात एकाच वेळी नांदतात. अडचण शब्दाच्या शक्तीची आहे. केवलज्ञानीला ते सर्व एकदम दिसतात. पुंजयामिकीत अडचण येथे संपत नाही. बेल यांनी १९६६ साली आणि कोखेन व श्पेकर यांनी १९६७ साली दाखविले की दोनाहून अधिक मिती असलेल्या व्यवस्थांत सर्व निरीक्ष्यांना, मापनाचा संदर्भ न पाहता, आधीपासून ठरलेली मूल्ये सुसंगतपणे देताच येत नाहीत. तेव्हा वस्तूच्या ठायी सर्व उत्तरे आहेत, आपल्याला तेवढी ती एकत्र बोलता येत नाहीत, हा मार्ग निदान सरळ अर्थाने बंद होतो. स्याद्वादाला यात कमीपणा नाही. तो वाणीच्या मर्यादेचा सिद्धांत आहे आणि त्या जागी तो फार सूक्ष्म आहे. त्याला पुंजयामिकीचा पूर्वज ठरविताना आपण त्याची ही सूक्ष्मताच हरवून बसतो.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष म्हैसूरचे आहे. १९२९ साली येथे जन्मलेले ए. के. रामानुजन यांनी, भारतीय विचारपद्धती असे काही आहे काय, या प्रश्नाचा वेध घेणाऱ्या १९८९ च्या निबंधात आपल्या वडिलांविषयी लिहिले आहे. ते गणिताचे प्राध्यापक होते, खगोलशास्त्र जाणत होते आणि फलज्योतिषही पाहत होते. त्या निबंधात रामानुजनांनी संदर्भसापेक्ष आणि संदर्भनिरपेक्ष असा भेद केला. तो त्यांनी व्याकरणाच्या आधुनिक विचारातून घेतला होता. कोखेन-श्पेकर प्रमेयाच्या चर्चेतही 'संदर्भसापेक्षता' हाच शब्द येतो, आणि त्यामुळे रामानुजनांच्या वडिलांना पुंजयामिकीचे उदाहरण करण्याचा मोह अनावर होतो. तो आवरला पाहिजे. एकाच गृहस्थाने सकाळी पंचांग पाहणे आणि दुपारी खगोलगणित शिकविणे यात विसंवाद असेल वा नसेल. परंतु पंचांग आधी पाहिल्यामुळे गणिताचे उत्तर बदलत नाही. त्या दोन कृती क्रमनिरपेक्ष आहेत. रामानुजनांनी स्वतः व्याकरणाची संज्ञा व्याकरणाच्या जबाबदारीने वापरली. आपण तिच्यावर भौतिकीचे कलम करण्याचे कारण नाही.

६

मग साहित्याच्या अभ्यासकाने या विचाराला हातच लावू नये काय? असे माझे म्हणणे नाही. मानसशास्त्रात एक वेगळे उदाहरण घडले आहे. जनमत-सर्वेक्षणात प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तरांची टक्केवारी बदलते, हे जुने निरीक्षण. पुंज-संभाव्यतेचे गणित लावणाऱ्यांनी त्यावरून एक समीकरण काढले, जे खोटे ठरू शकत होते, आणि २०१४ साली अमेरिकेतील सुमारे सत्तर सर्वेक्षणांवर ते तपासून पाहिले. ते बऱ्याच अंशी टिकले. माणसाचे मन म्हणजे अणू असा दावा त्यांना करावा लागला नाही. त्यांनी दोन प्रश्न नेमके सांगितले, क्रमभेद मोजला, आणि आपले विधान धोक्यात घातले. उसनवारीची ही प्रामाणिक रीत होय.

हीच अपेक्षा साहित्यविचाराकडून करावी. ज्याला अनिश्चितता-संबंधाचे रूपक वापरावयाचे आहे त्याने तीन गोष्टी सांगाव्यात: कृतीला विचारलेले ते दोन प्रश्न कोणते, त्यांचा क्रम बदलला तर उत्तर बदलते याला पुरावा काय, आणि कितीही कौशल्य वापरले तरी जिच्याखाली जाता येत नाही अशी मर्यादा कोणती. भाषांतरातील रूप व आशय यांची जोडी या कसोटीवर उतरत नाही. एखाद्या भाषांतराने दोन्ही गमावलेले असते, दुसऱ्याने दोन्ही बऱ्यापैकी राखलेले असते. सुधारणेला तळ आहे असे कोणी दाखविलेले नाही. भाषांतरकाराच्या अपयशाला निसर्गनियमाचे कवच देणे हे भाषांतरविचाराच्या हिताचे नाही.

क्रमाचे उदाहरण घ्यावयाचे तर मराठी वाचकापाशी एक आहे. आधी गीता वाचून मग ज्ञानेश्वरीकडे आलेला वाचक आणि ज्ञानेश्वरीतून गीतेकडे गेलेला वाचक हे एकच श्लोक सारख्या कानांनी ऐकत नाहीत. येथे क्रम अर्थ घडवितो, आणि त्याचा अभ्यास व्हावयास हवा. पण फरकही ध्यानात ठेवला पाहिजे. वाचकाचे दुसरे वाचन पहिल्यात भर घालते. दोन्ही त्याच्या स्मरणात एकत्र राहतात आणि एकमेकांना उजळतात. अणूपाशी अशी साठवण नाही. त्याचे दुसरे उत्तर पहिल्याची ग्वाही पुसून टाकते. वाचनाचा क्रम इतिहास निर्माण करतो, मापनाचा क्रम तो मोडतो. हा भेद हाती आला तर तुलनेचा उपयोग झाला असे म्हणावे. कारण तुलनेचे काम साम्य जाहीर करण्याने पुरे होत नाही, साम्य जेथे तुटते ती जागा दाखविण्याने ते पुरे होते.

७

अखेर शब्दाकडे परत येणे भाग आहे. म्हैसूरचे मानसगंगोत्री हे नाव आणि तो परिसर या दोन्हींमागे कुवेंपू आहेत. १९५६ ते १९६० या काळात ते म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि उच्च ज्ञान कन्नडमधून द्यावे हा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. त्याच परिसरात १९६९ साली स्थापन झालेले भारतीय भाषा संस्थान आहे, आणि संस्थानातच २००८ पासून राष्ट्रीय अनुवाद मिशनचे काम चालते. विविध शास्त्रांतील ज्ञानग्रंथ आठव्या अनुसूचीतील भाषांत नेणे हे त्याचे उद्दिष्ट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा पुरस्कार केल्यामुळे या कामाची निकड वाढली आहे. उद्या पुंजयामिकीचे मराठी पुस्तक हाती घेणारी विद्यार्थिनी जो शब्द वाचेल त्याच शब्दातून तिची पहिली समजूत घडेल. ती समजूत नंतर दुरुस्त करणे फार कष्टाचे असते.

म्हणून माझी सूचना अशी. 'अनिश्चिततेचे तत्त्व' हे नाव ऐतिहासिक म्हणून राहू द्यावे. रूढ नाव उखडून काढण्याचा अट्टहास नको. परंतु ज्या निरीक्ष्यांविषयी ते तत्त्व बोलते त्यांना 'विसंगत' म्हणू नये. विसंगती हा मराठीत युक्तिवादाचा दोष आहे आणि विनोदाच्या मीमांसेत हास्याचे कारण आहे; स्थान आणि संवेग यांच्या ठायी असा कोणताच दोष नाही. त्यांना 'क्रमसापेक्ष निरीक्ष्ये' म्हणावे. यावर असा आक्षेप घेता येईल, की रॉबर्टसन यांच्या संबंधात दोन मापने एकामागून एक करावयाची नसतात, मग 'क्रम' कशाला? आक्षेप विचारार्ह आहे. पण संज्ञेने प्रयोगाची कृती सांगावी असे नाही. तिने मुळाकडे बोट दाखवावे. गुणाकारातील क्रमभेद हेच येथे मूळ आहे, आणि सातवी-आठवीच्या बीजगणितात 'क्रमनिरपेक्ष' शिकलेल्या कोणालाही 'क्रमसापेक्ष' हा शब्द परका वाटणार नाही. तो ऐकताच ती विद्यार्थिनी विचारील, 'कोणाचा क्रम?' 'अनिश्चितता' ऐकून ती मान डोलावील आणि पुढे जाईल. संज्ञेने योग्य प्रश्न उभा केला की तिचे निम्मे काम झाले.

परिभाषा इंग्रजीवरून बेतली की इंग्रजीने केलेली निवडही आपण नकळत स्वीकारतो. जर्मनमधील तीन शब्दांतून इंग्रजीने एक उचलला. आपण तो एकच पाहिला. भाषांतर-संस्थांनी संज्ञा ठरविताना मूळ भाषेतील पर्यायांचा इतिहास आणि आपल्या भाषेच्या शालेय व शास्त्रीय व्यवहारातील साठा, दोन्ही समोर ठेवावेत. आणि भौतिकीच्या जाणकारांबरोबर भाषेचे व साहित्याचे अभ्यासकही त्या बैठकीत असावेत. त्यांनी तेथे जाण्यापूर्वी एवढे मात्र करावे, की आपल्या समीक्षेतून या तत्त्वाचा सैल वापर थांबवावा. जी संज्ञा आपणच ढिली केली तिच्या काटेकोरपणाविषयी इतरांशी बोलण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच येईल.